रायफलच्या गोळीचा वेग कसा मोजतात? आणि हवा बदलली की आकडा का बदलतो?

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्याचे गुण होते ४५१.४. पदकाच्या आनंदात त्या शेवटच्या ‘.४’कडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नसेल. पण या प्रकाराच्या फायनलमध्ये प्रत्येक शॉट दशांशात मोजतात. १०.२ आणि १०.६ यांच्यात पदक मिळण्या-न मिळण्याचा फरक पडू शकतो, आणि टार्गेटवर तो फरक असतो जेमतेम तीन मिलिमीटरचा.

स्वप्नीलचा सराव झाला तो आपल्याच शेजारी, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. वाकडहून मुळा नदी ओलांडली की संकुल आलंच. ५० मीटर रेंजवर नेमबाज छपराखाली असतो, पण गोळीचा प्रवास उघड्यावरून होतो. म्हणजे जानेवारीच्या सकाळची थंडी, एप्रिल-मेची दुपार आणि जुलैची दमट हवा, हे सगळं त्या गोळीच्या वाट्याला येतं.

मग साहजिक प्रश्न पडतो: उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात गोळीचा वेग वेगळा असतो का? असेल तर किती? हे मोजायला यंत्रं आहेत, आणि ती स्क्रीनवर आकडाही देतात. अडचण एवढीच, की बदलती हवा गोळीवर परिणाम करते तसाच मोजणाऱ्या यंत्रावरही करते. आकडा बदलला तर नक्की काय बदललं, गोळी की यंत्र? आज आपण हेच समजून घेऊ.

वेगातल्या फरकाने एवढं काय होतं?

५० मीटर प्रकारात पॉइंट २२ बोअरची काडतुसं वापरतात. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी नळीच्या तोंडातून साधारण ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर पडते. हवेचा विरोध होत राहतो, त्यामुळे ५० मीटरवर पोहोचेपर्यंत वेग ३०७ च्या आसपास येतो. सरासरी ३१८ धरली तर प्रवासाला लागतात ०.१५७ सेकंद. पापणी लवायला लागतो, साधारण तेवढाच वेळ.

एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण गोळीला सुमारे १२ सेंटीमीटर खाली ओढतं. नेमबाज साइट आधीच तशी जुळवून ठेवतो, म्हणून हे १२ सेंटीमीटर त्याला जाणवत नाहीत. पण समजा एक गोळी ३३० ऐवजी ३२५ ने निघाली. वेग दीड टक्क्याने कमी झाला, की प्रवासाचा वेळ दीड टक्क्याने वाढतो आणि खाली पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढतं. १२ सेंटीमीटरचे तीन टक्के म्हणजे साडेतीन ते चार मिलिमीटर.

५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गुणाचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. सेकंदाला फक्त ५ मीटरचा फरक तुमचे चार-पाच दशांश खाऊ शकतो, तेही नेम अचूक असताना. म्हणूनच चांगले नेमबाज काडतुसं नुसती ब्रँड बघून घेत नाहीत, लॉट बघून घेतात. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच रायफलमधून वेगळे वागतात. ही काडतुसं महाग, बहुतेक वेळा आयात केलेली. चुकीच्या मोजमापावरून चुकीचा लॉट निवडला, तर पैसे तर जातातच, शिवाय अख्खा सीझन त्या काडतुसांवर काढावा लागतो.

आधी घड्याळाशिवाय, मग घड्याळाने

वेग मोजायचा पहिला भरवशाचा उपाय इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स या गणितज्ञाने १७४२ मध्ये मांडला. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यात गोळी मारायची. ठोकळा किती मागे झुलला यावरून त्याला मिळालेला वेग कळतो, आणि दोघांचं वजन माहीत असल्याने गोळीचा वेग गणिताने निघतो. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं घड्याळ नसताना काढलेली ही युक्ती होती.

आपल्या भागालाही हा विषय नवा नाही. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची, आणि शस्त्रास्त्रांवर संशोधन करणारी, आज पाषाणला असलेली एआरडीई ही संस्था १९५८ पासूनची. काडतूस बनवायचं म्हटलं की वेग मोजणं आलंच.

आजची बहुतेक यंत्रं मात्र शाळेतल्याच सूत्रावर चालतात: वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. गोळीने एक रेघ कधी ओलांडली, दुसरी कधी ओलांडली, हे मोजायचं. या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. फरक आहे तो रेघ कशाने आखायची यात, आणि हवामानाची गडबड नेमकी तिथेच शिरते.

पहिली पद्धत: सावली पकडणारा क्रोनोग्राफ

यात दोन प्रकाश-सेन्सर आकाशाकडे तोंड करून ठेवलेले असतात. वरून गोळी गेली की क्षणभर प्रकाश कमी होतो, सेन्सरला ती सावली कळते आणि घड्याळ सुरू होतं. दुसऱ्या सेन्सरवर सावली पडली की बंद.

समजा दोन सेन्सरमध्ये ३० सेंटीमीटर अंतर आहे. ३३० च्या वेगाने गोळी ते ९०९ मायक्रोसेकंदांत पार करते. घड्याळ १ मायक्रोसेकंदाने चुकलं तर वेगात चूक येते ०.४ मीटर प्रति सेकंदापेक्षाही कमी. आजच्या साध्या मायक्रोकंट्रोलरला एवढं सहज जमतं. म्हणजे घड्याळाची चिंता नको.

चिंता आहे ती ३० सेंटीमीटरची. हे अंतर पट्टीने मोजलेलं आहे, पण सेन्सरला गोळी ‘दिसते’ कधी, हे प्रकाशावर ठरतं. आकाश एकसारखं ढगाळ असेल तर दोन्ही सेन्सरला सारखाच मऊ प्रकाश मिळतो, काम छान होतं. कडक ऊन असेल तर गोळीच्या खालच्या बाजूवर चमक येते आणि सावली पुसट होते. सूर्य तिरका असेल तर एका सेन्सरला गोळी टोकाशी दिसते, दुसऱ्याला जरा मागे. हा फरक फक्त ३ मिलिमीटरचा झाला तरी ३० सेंटीमीटरवर तो १ टक्का होतो, म्हणजे ३.३ मीटर प्रति सेकंद! शॉटच्या मधोमध एक ढग सरकला की आकडे एकदम वर किंवा खाली जातात, आणि आपण म्हणतो लॉट खराब आहे.

यंत्राची अॅल्युमिनियमची पट्टीही उन्हात वाढते, पण ३० अंशांच्या फरकाने ३० सेंटीमीटरची पट्टी वाढते फक्त ०.२ मिलिमीटर. ही चूक प्रकाशाच्या चुकीपुढे किरकोळ. कुठल्या चुकीमागे धावायचं हे असं आकडा मांडून ठरवावं.

उपाय साधे आहेत. सेन्सरवर पांढरे डिफ्यूझर लावा, म्हणजे ऊन पसरून मऊ होतं. सेन्सरमधलं अंतर वाढवा: तेच ३ मिलिमीटर १.२ मीटरवर पाव टक्काच होतात. किंवा आकाशावर अवलंबून न राहता इन्फ्रारेड दिव्यांची चौकट वापरा. खोलीत ट्यूबलाइटखाली मोजत असाल तर वेगळीच गंमत असते. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि सेन्सर त्यालाही सावली समजू शकतो.

अजून एक गोष्ट. नळीच्या फार जवळ यंत्र ठेवलं तर गोळीऐवजी बाहेर पडणाऱ्या वायूच्या झोताने घड्याळ सुरू होऊ शकतं. म्हणून ते दोन-तीन मीटर पुढे ठेवतात. पण पॉइंट २२ ची गोळी दर मीटरला जवळपास अर्धा मीटर प्रति सेकंद वेग गमावते. तीन मीटरवरचा आकडा हा नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगापेक्षा साधारण दीडने कमी असणार. दोन जणांच्या आकड्यांची तुलना करताना यंत्र किती अंतरावर होतं हे आधी विचारा.

दुसरी पद्धत: आवाजावरून, आणि खोटा उन्हाळा

स्वस्त आणि मस्त वाटणारी युक्ती अशी: नेमबाजाजवळ माइक ठेवायचा. चाप ओढल्याचा आवाज आणि गोळी टार्गेटवर आदळल्याचा आवाज रेकॉर्ड करायचा. दोन्हींमधल्या वेळातून आवाजाला परत यायला लागलेला वेळ वजा केला की राहिला गोळीचा वेळ. एवढा कोड कुणीही संध्याकाळी बसून लिहू शकेल.

आता बारकाईने बघा. हवेतला ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो: शून्य अंशाला ३३१.३ मीटर प्रति सेकंद, आणि पुढे दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. समजा आपण कोडमध्ये २५ अंशांचा आकडा, ३४६.४, कायमचा लिहून टाकला. गोळी मात्र दोन्ही ऋतूंत अगदी सारखीच, सरासरी ३१८ ची आहे असं धरू.

जानेवारीची सकाळ, १५ अंश: गोळीला १५७.२ मिलिसेकंद, आवाजाला परत यायला १४६.९. एकूण ३०४.१. आपला कोड त्यातून १४४.३ वजा करतो. उरले १५९.८, म्हणजे वेग ३१३.

एप्रिलची दुपार, ४० अंश: गोळीला तेच १५७.२, आवाजाला १४०.६. एकूण २९७.८. वजा १४४.३. उरले १५३.५, म्हणजे वेग ३२६.

गोळी तीच, आणि दोन ऋतूंत १३ मीटर प्रति सेकंदाचा फरक! हा फरक पूर्णपणे आपल्या कोडमधल्या एका ओळीने तयार केलेला आहे.

यातला खरा धोका पुढे आहे. उन्हाळ्यात काडतुसातली दारू जास्त जोरात जळते आणि गोळी खरंच थोडी वेगात जाते, हे सगळे नेमबाज जाणून असतात. म्हणजे चुकीचा आकडाही अपेक्षित दिशेनेच चुकतो. उत्तर उलटं आलं असतं तर आपण शंका घेतली असती. मनासारखं आलं म्हणून कुणी तपासत नाही. वाऱ्याचंही तसंच: टार्गेटकडून आपल्याकडे ५ मीटर प्रति सेकंद वारा असेल तर आवाज तेवढा लवकर पोहोचतो, आणि यंत्राला ती ८ अंशांच्या उष्णतेसारखीच वाटते.

तिसरी पद्धत: रडार आणि कॉइल

डॉपलर रडार गोळीवर रेडिओ लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली ते बघतं. रस्त्यावर गाड्यांचा वेग पकडणाऱ्या गनसारखंच. अशी बरीच यंत्रं २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. ३३० च्या गोळीने वारंवारता सुमारे ५३ किलोहर्ट्झने सरकते. सॉफ्टवेअर त्या सिग्नलमधून हा एक सूर शोधून काढतं.

रेडिओ लहरींचा वेग थंडी, ऊन, दमटपणा यांनी जवळजवळ बदलत नाही, म्हणून ढग आणि तापमान इथे त्रास देत नाहीत. चूक येते ती कोनाची. रडार रायफलच्या बाजूला ३० सेंटीमीटरवर असेल, तर गोळी १ मीटर पुढे असताना वेग ४ टक्के कमी दिसतो. १० मीटरवर ही चूक ०.०५ टक्के उरते. म्हणून यंत्र गोळीला पुढे बऱ्याच ठिकाणी मोजतं आणि तिथून मागे गणित करून नळीच्या तोंडाचा वेग सांगतं. जोराच्या पावसाचे थेंबही लहरी परतवतात, आणि शेजारच्या लेनमधल्या शॉटने यंत्र चुकून जागं होऊ शकतं.

नळीलाच बांधायचं कॉइलचं यंत्रही मिळतं. धातूची गोळी जवळून गेली की कॉइलमध्ये सिग्नल उमटतो. याला प्रकाशाशी देणंघेणं नाही. पण नळीला वजन लटकवलं की तिचं कंपन बदलतं, त्यामुळे वेग आणि अचूकता एकाच वेळी तपासता येत नाही.

मग गोळीत खरोखर काय बदलतं?

यंत्राची गडबड बाजूला केली की खरे परिणाम तीन उरतात.

एक, काडतुसाचं तापमान. लक्षात घ्या, हवेचं नव्हे, काडतुसाचं. सावलीत ३५ अंश असताना उन्हात ठेवलेली डबी त्याहून बरीच गरम असते. तापलेल्या नळीत काडतूस दोन मिनिटं थांबलं तरी ते गरम होतं. नाटोच्या ठरलेल्या चाचण्यांत म्हणूनच काडतुसं उणे ५४, २१ आणि ५२ अंशांवर आणून मग तपासतात.

दोन, हवेची घनता. याने नळीच्या तोंडाचा वेग बदलत नाही, पुढे वेग किती घटतो ते बदलतं. पुण्यात हवेचा दाब साधारण ९४८ हेक्टोपास्कल धरला, तर १० अंशांना घनता १.१७ किलो प्रति घनमीटर येते आणि ४० अंशांना १.०५. दहा टक्के फरक! शिवाय ध्वनीच्या वेगाजवळ विरोध झपाट्याने वाढतो. स्पर्धेची गोळी मुद्दाम ध्वनीवेगाच्या खाली ठेवलेली असते. थंडीत ३३० आणि ध्वनीचे ३४० यांत अंतर कमी, उन्हाळ्यात ध्वनी ३५५ च्या पुढे गेल्याने अंतर जास्त.

तीन, दमटपणा. पावसाळ्यात हवा ‘जड’ वाटते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेची घनता कोरड्या हवेपेक्षा दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने घटते. म्हणजे परिणाम छोटा, आणि समजुतीच्या उलट दिशेने.

इथे पुण्यातल्या माणसासाठी एक सापळा आहे. मोबाइलमधलं हवामानाचं ॲप दाब दाखवतं १०१० च्या आसपास. तो समुद्रसपाटीला नेऊन ठेवलेला दाब असतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. ॲपचा आकडा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरमध्ये प्रत्यक्ष दाब म्हणून टाकला तर घनता सहा-सात टक्क्यांनी चुकते. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचा थेट आकडा वापरा.

हे चाकणच्या माणसाला आधीच माहीत आहे

भोसरी-चाकण पट्ट्यात क्वालिटीला काम करणाऱ्या कुणालाही वरचं सगळं ओळखीचं वाटेल. मशीनवरून निघालेला गरम पार्ट कुणी लगेच मोजून पास करत नाही. तो स्टँडर्ड रूममध्ये नेतात, २० अंशांवर येऊ देतात, मग मायक्रोमीटर लावतात. कारण १०० मिलिमीटरचा स्टीलचा पार्ट ४० अंशांवर २३ मायक्रॉनने मोठा दिसतो. २० अंश हे जगभर ठरलेलं संदर्भ तापमान आहे.

दुसरी सवय म्हणजे गेज आर अँड आर. पार्टला नावं ठेवण्याआधी गेजची परीक्षा घ्यायची: तोच पार्ट, तोच गेज, पुन्हा पुन्हा मोजून किती फरक येतो? क्रोनोग्राफची अडचण ही की तीच गोळी पुन्हा मारता येत नाही. त्यावर तोड म्हणजे दोन क्रोनोग्राफ एकामागे एक ठेवायचे. एकाच गोळीचे दोन आकडे मिळतात. प्रत्येक शॉटला त्यांच्यातला फरक सारखाच राहिला तर यंत्रं ठीक. तो फरक वरखाली नाचला तर तो नाच यंत्रांचा.

मग गणित सोपं आहे. एकूण फैलावाचा वर्ग म्हणजे गोळीच्या फैलावाचा वर्ग अधिक यंत्राच्या फैलावाचा वर्ग. आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ५ आलं आणि यंत्राचं ३ असेल, तर काडतुसांचं खरं ४ आहे. पाच म्हणून लॉट नाकारण्याआधी हे बघायला हवं.

रेंजवर जाताना काय कराल?

पाच शॉटच्या सरासरीवर निर्णय नको. स्टँडर्ड डेव्हिएशन ३ असेल तर पाच-पाच शॉटच्या दोन सरासऱ्यांमध्ये निव्वळ योगायोगानेही २ पर्यंत फरक सहज दिसतो. प्रत्येकी वीस शॉट घेतले तर हा आकडा १ च्या आत येतो.

दोन लॉटची तुलना करताना आधी सगळा पहिला आणि मग सगळा दुसरा असं मारू नका. तेवढ्यात ऊन चढतं. पाच याचे, पाच त्याचे, असं आलटून पालटून घ्या.

एका चांगल्या लॉटची थोडी काडतुसं ‘मास्टर पीस’ म्हणून बाजूला ठेवा. दर वेळी सुरुवातीला आणि शेवटी त्यातली काही मारा. मास्टरचा आकडा सरकला तर हवा किंवा यंत्र सरकलंय.

आणि सॉफ्टवेअरवाल्याचा एक आग्रह: फक्त वेग लिहून ठेवू नका. मूळ वेळ, सेन्सरमधलं अंतर, हवेचं आणि काडतुसाचं तापमान, प्रत्यक्ष दाब, ऊन की ढग, हे सगळं प्रत्येक शॉटसोबत जपा. सूत्रातली चूक सहा महिन्यांनी सापडली तरी मूळ वेळेवरून सगळे आकडे पुन्हा काढता येतात. नुसता वेग जपला असेल तर त्यातली चूक कायमची तिथेच राहते.

रायफल आणि काडतुसं परवान्याची गोष्ट आहे, त्यामुळे हे प्रयोग अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकांसमोरच. पण हवेचा खेळ घरी बघायचा असेल तर दोन फोन पुरेत. फायफॉक्स या मोफत ॲपमध्ये आवाजाने चालणारं स्टॉपवॉच आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन फोन २० मीटर अंतरावर ठेवा. पहिल्या फोनपाशी एकाने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं सुरू होतील. मग दुसऱ्या फोनपाशी दुसऱ्याने टाळी वाजवायची, दोन्ही थांबतील. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला ४० मीटर जायला लागलेला वेळ. १५ अंशांना तो ११७.५ मिलिसेकंद यायला हवा, ४० अंशांना ११२.५. एकदा थंडीतल्या सकाळी आणि एकदा उन्हाळ्यातल्या दुपारी करून बघा, आणि तुमचे आकडे कमेंटमध्ये तापमानासकट लिहा.